बैल गाडीला ओढतो, गाडी बैलाला ओढते. मग हलतं कोण?

नववीला गतीचे नियम शिकवायला घेतले की दरवर्षी एक प्रश्न येतो, फक्त विचारणारं पोर बदलतं. यंदा तो मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारला. क्रियाबलाएवढंच प्रतिक्रियाबल असतं आणि ते उलट दिशेला असतं, असा न्यूटनचा तिसरा नियम फळ्यावर लिहून मी खडू खाली ठेवते न ठेवते तोच ती म्हणाली, "मॅडम, बैल गाडीला ओढायलाय, गाडी बैलाला तेवढीच मागं ओढायली. मंग गाडी हालती कशी?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न चोख होता. खरं सांगायचं तर मलाही त्याचं उत्तर नीट उमगलं ते नोकरीला लागल्यावर चार-पाच वर्षांनी. तोवर "क्रिया आणि प्रतिक्रिया वेगवेगळ्या वस्तूंवर असतात" हे वाक्य घोकून घ्यायचं आणि पुढच्या धड्याकडे वळायचं, असंच चाललं होतं.

त्या दिवशी मी बैलगाडी बाजूला उभी केली आणि वर्गाला आधी पाण्याकडे नेलं. आमच्या अंबाजोगाईच्या बाजूला होळी झाली की घराघरात बोलणं पाण्याचंच. टँकर आला का, आडाला किती उरलंय, बोअर किती वेळ चालला. ज्याने पाणी शेंदलंय आणि डोक्यावरून वाहिलंय, त्याने न्यूटनचे तिन्ही नियम अंगाखांद्यावर घेतलेले असतात. नावं तेवढी पुस्तकातून घ्यायची.

आजीचा लिंबाचा डहाळा

माझी आजी हंडा भरला की त्यात कडुलिंबाचा एक छोटा डहाळा टाकायची. मला वाटायचं, पाण्याला नजर लागू नये म्हणून असेल. विचारलं तर एवढंच म्हणायची, "सांडत नाही गं माय." डोक्यावर चुंबळ, त्यावर हंडा, हंड्यात तो डहाळा, आणि आजी आडापासून घरापर्यंत एका चालीने यायची. माझ्या कळशीतलं पाणी मात्र निम्मं माझ्या पाठीवर असायचं.

पाणी नेमकं कधी सांडतं ते आठवा. पहिलं पाऊल उचललं की मागच्या काठावरून. कुणी हाक मारली आणि गपकन थांबलो की पुढच्या काठावरून. मधल्या वाटेत, एका चालीने चालताना, फारसं नाही. पहिल्या पावलाला आपण म्हणतो "पाणी मागे आलं", पण ते मागे येतच नाही. ते होतं तिथेच राहू बघतं, हंडाच पुढे निघून जातो. थांबताना हंडा थांबतो आणि पाणी आपलं चालतच राहतं. स्थिर असेल तर स्थिर राहायचं, चालत असेल तर त्याच चालीने, त्याच दिशेने चालत राहायचं, हा जो वस्तूंचा हट्ट असतो त्याला जडत्व म्हणतात. बाहेरून बल लागल्याशिवाय वस्तू हा हट्ट सोडत नाही. न्यूटनचा पहिला नियम एवढाच आहे.

एसटीत उभं राहून प्रवास केलेल्याला हे वेगळं सांगायला नको. गाडी सुटली की आपण मागे कलतो, ब्रेक दाबला की पुढच्याच्या अंगावर. पुढे ढकलणारं कुणी नसतं. बस थांबते, आपण थांबत नाही, एवढंच.

नियमाचा अर्धा भाग सगळ्यांना पटतो: दगड पडलाय, तो पडून राहणार. दुसरा अर्धा पटत नाही. चालती वस्तू आपोआप चालत राहील? आपण तर रोज उलटंच पाहतो. बैल थांबला की गाडी थांबते. सायकलचं पायडल मारायचं सोडलं की सायकल थांबते. ग्रीसमधल्या अॅरिस्टॉटलचंही म्हणणं असंच होतं, की गती टिकवायची तर कुणीतरी सतत ढकलत राहायला हवं. हा समज जवळपास दोन हजार वर्षं टिकला. मुलांची पहिली समजूतही नेमकी हीच असते, म्हणून मी त्यांना कधी चूक म्हणत नाही. डोळ्यांना दिसतं त्यावरून तसंच वाटणार.

यातली गोम गॅलिलिओने काढली. त्याचा विचार घरी करून बघण्यासारखा आहे. जुनी प्लॅस्टिकची पाइप उभी चिरून तिच्या दोन पन्हळी करा. एकीचा उतार दुसरीच्या चढाला जोडा आणि उतारावरून गोटी सोडा. गोटी दुसऱ्या बाजूला जवळपास तेवढ्याच उंचीवर चढते, किंचित कमी. आता दुसऱ्या पन्हळीचा चढ कमी करा. गोटी तीच उंची गाठायला बघते, म्हणून तिला लांब जावं लागतं. चढ आणखी कमी केला की आणखी लांब. आणि दुसरी पन्हळ साफ आडवी केली तर? ती उंची कधीच येणार नाही, म्हणजे गोटीला थांबायला कारणच उरत नाही. प्रत्यक्षात ती थांबते, कारण पन्हळ तिला घासते आणि हवा आडवी येते. गॅलिलिओने मनातल्या मनात हे घासणं पुसून टाकलं आणि खाली लपलेला नियम दिसला. पुढे न्यूटनने १६८७ साली आपल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात तो पहिल्या क्रमांकाला ठेवला.

म्हणजे बैल थांबल्यावर गाडी थांबते ती ओढणारा गेला म्हणून नव्हे. तिला अडवणारं घर्षण मागे राहिलेलं असतं म्हणून. ज्याला हे कळलं त्याचा निम्मा धडा झाला. बल लागतं ते गती बदलायला. टिकवायला लागत नाही.

आणि घर्षण खरंच काढून टाकलं तर? १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर-१ हे यान आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून लांब चाललंय. त्याला पुढे रेटणारं इंजिन चालू नाही. तिकडे घासायला काही नाही. सूर्याचं गुरुत्वाकर्षण किंचित मागे खेचतं, तेवढंच.

आता डहाळ्याचं. आजी एका चालीने चालायची तरी पावलागणिक थोडा हिसका बसतोच. उघड्या भांड्यातलं पाणी एकदा हललं की ठरावीक तालात हिंदकळतं. बादलीएवढ्या रुंदीच्या भांड्यात तो ताल सेकंदाला साधारण दोन हेलकाव्यांचा, आणि आपली पावलंही सेकंदाला साधारण दोनच पडतात. झोक्याला त्याच्याच तालात धक्का देत राहिलं की झोका चढत जातो, तसं पाणी पावलागणिक चढत जातं आणि शेवटी काठ ओलांडतं. डहाळ्याची पानं त्या हेलकाव्याला आडवी येऊन त्याचा जोर मोडतात. पाण्याच्या मोठ्या टँकरच्या पोटात भोकं पाडलेले आडवे पत्रे बसवतात, ते याच कामासाठी. अर्धा भरलेला टँकर वळणावर पूर्ण भरलेल्यापेक्षा जास्त हेलकावतो, हे कुठलाही टँकरवाला सांगेल. पूर्ण भरलेल्यात पाण्याला हलायला जागाच नसते.

जाता जाता एक. थांबलंय की चाललंय, हे कुणाच्या हिशेबाने? एसटीत शेजारी बसलेला माणूस आपल्या दृष्टीने हललेला नसतो, पण रस्त्याकडेच्या लिंबाच्या दृष्टीने तो ताशी ५० किलोमीटरने पळतोय. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या 'आर्यभटीया'त नेमकं हेच सांगितलंय: नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे फिरते ती पृथ्वी. पहिल्या भास्कराने आर्यभटाचं नातं अश्मक देशाशी जोडलंय, आणि प्राचीन अश्मक जनपद गोदावरीकाठचं मानलं जातं. त्यामुळे काही जण त्याला आपल्याकडचा म्हणतात. अभ्यासकांचं यावर एकमत नाही, पण वर्गात हे सांगितलं की पोरं जरा ताठ बसतात, हे मी पाहिलंय.

टँकर आणि टरबूज

जडत्व सगळ्यांना सारखं नसतं. रिकामी घागर करंगळीने सरकते, भरलेली नाही. वस्तूत द्रव्य किती आहे, म्हणजे तिचं वस्तुमान किती, त्यावर तिचा हट्ट ठरतो. न्यूटनचा दुसरा नियम या हट्टाची किंमत काढून देतो: बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेग किती बदलला. पुस्तकात हे एका ओळीत येतं आणि मुलं ती ओळ पाठ करतात. त्यात जीव येतो तो आकडे घातल्यावर.

१२,००० लिटरचा टँकर घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे नुसतं पाणीच १२,००० किलो. टँकर ताशी ३६ किलोमीटरने येतोय, म्हणजे सेकंदाला १० मीटर. चालकाने ब्रेक दाबून ५ सेकंदांत थांबवला. दर सेकंदाला वेग २ मीटर प्रतिसेकंदाने उतरला, हे झालं त्वरण. उतरतं म्हणून ऋण. नुसत्या पाण्याला थांबवायला लागलेलं बल १२,००० गुणिले २, म्हणजे २४,००० न्यूटन (बल मोजायचं एकक न्यूटनच्याच नावाचं). ५० किलोच्या मुलाचं वजन साधारण ४९० न्यूटन असतं. म्हणजे ४९ पोरांच्या वजनाएवढं बल, आणि आमच्या वर्गाचा पट जवळपास तेवढाच आहे. हाच टँकर एका सेकंदात थांबवायचा म्हटला तर पाचपट बल लागेल. तेवढं टायर देऊ शकत नाहीत, म्हणून टँकर घसरत जातो. टँकरच्या पुढून पळत रस्ता ओलांडू नका, असं मी दरवर्षी सांगते ते या हिशेबावर.

याच हिशेबाला दुसऱ्या बाजूने हात घालता येतो. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. थांबवायचं म्हणजे हा संवेग शून्यावर आणायचा. तो किती वेळात आणला, त्यावर बल ठरतं. उन्हाळ्यात टेम्पोतून टरबुजं उतरवताना बघा. वरचा माणूस फेकतो, खालचा झेलतो. ४ किलोचं टरबूज सेकंदाला ३ मीटर वेगाने हातात येतं, संवेग १२. हात ताठ धरून ०.०५ सेकंदात थांबवलं तर हाताला २४० न्यूटन बसतात, आणि बहुतेक वेळा टरबूज फुटतं. मुरलेला हमाल टरबूज हातात येताच हात पोटाकडे मागे घेतो, कमरेत थोडा वळतो आणि त्याच झोकात ते ढिगावर ठेवतो. थांबायला ०.४ सेकंद लागले तर बल उरतं ३० न्यूटन. आठ पटीने कमी. उंच उडीच्या खेळाडूखाली वाळूचा किंवा फोमचा थर असतो तो याचसाठी. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थरही दबत दबत डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ देतो.

वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. हे मुलांना सोडा, मोटारसायकल चालवणाऱ्या त्यांच्या मोठ्या भावांनाही माहीत नसतं. ब्रेकने दर सेकंदाला वेग ५ मीटर प्रतिसेकंदाने उतरतो असं धरा. ताशी ३६ किलोमीटरला गाडी ब्रेक लागल्यावर १० मीटरमध्ये उभी राहते. ताशी ७२ ला ४० मीटर लागतात. त्यात म्हैस आडवी आलेली दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद मिळवला की पहिलं अंतर २० मीटर आणि दुसरं ६० मीटर. म्हैस काही ६० मीटर मागे सरकत नाही.

शेंदताना दोर का तुटतो

आडातून बादली शेंदताना थोरली माणसं ओरडतात, "हिसका देऊ नको!" दोर जुना असतो, म्हणून तर खरंच, पण यातही दुसरा नियम दडलाय.

१० लिटरची भरलेली बादली, बादलीचं स्वतःचं वस्तुमान सोडून देऊ. पृथ्वी तिला खाली ओढते ते बल म्हणजे तिचं वजन: १० गुणिले ९.८, म्हणजे ९८ न्यूटन. बादली एका चालीने वर येत असेल तर दोरावरचा ताणही ९८ न्यूटन. मुलं इथे अडतात. वर येतेय म्हणजे वरचं बल जास्त असणार ना? नाही. वेग बदलत नसेल तर दोन्ही बलं समसमान असतात, मग बादली लटकलेली असो वा एका चालीने चढत असो. त्यांना संतुलित बलं म्हणतात. ताण वाढतो तो वेग वाढवताना. हिसका देऊन वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंदाने वाढवला तर दोराला ९८ च्या वर आणखी ५० न्यूटन द्यावे लागतात. ९८ चे झाले १४८, दीडपट. जुना दोर ९८ सोसतो, १४८ ला हात टेकतो, आणि मग बादली काढायला गळ शोधत फिरावं लागतं. आमच्या घरच्या आडाच्या तळाशी अजूनही किमान तीन बादल्या असतील. त्यातली एक माझी.

आडावरची एकेरी कप्पी बल वाचवत नाही, हेही इथेच सांगून टाकते. ती फक्त दिशा बदलते. वर खेचायच्या ऐवजी खाली खेचता येतं आणि आपलं स्वतःचं वजन कामाला लावता येतं. सोपं वाटतं ते त्यामुळे.

वजन आणि वस्तुमान यांची गल्लत आपण बाजारातच करून ठेवलीय. "दोन किलो वजन द्या" म्हणतो, पण किलो हे वस्तुमान, वजन न्यूटनमध्ये. बाजारात यामुळे काही बिघडत नाही, परीक्षेत गुण जातात. फरक बघायचा तर चंद्रावर जायला हवं. तिथे त्याच बादलीचं वजन सुमारे १६ न्यूटन, इथल्या सहाव्या हिश्श्याइतकं. शेंदायला अगदी हलकी. पण ती जमिनीवर ठेवून लाथ मारली तर पायाला इथल्याइतकंच लागेल, कारण वस्तुमान तेच आहे, हट्ट तोच आहे.

चंद्राचा विषय निघालाच आहे तर, १९७१ साली अपोलो-१५ च्या अंतराळवीराने तिथे हातोडा आणि पक्ष्याचं पीस एकदम सोडलं. दोन्ही बरोबर खाली पडले. जड वस्तूवर ओढ जास्त, पण तिचा हट्टही तेवढाच जास्त; दोन्ही एकमेकांना फिटतात आणि त्वरण सारखं उरतं. पृथ्वीवर पीस तरंगत येतं ते हवेमुळे.

बादली हातात आहेच तर एक खेळ. अर्धी भरलेली बादली उभ्या गोलात डोक्यावरून गरागरा फिरवा. पुरेशा वेगाने फिरवली तर उलटी होऊनही पाणी पडत नाही. हात आणि बादली मिळून एक मीटर धरलं तर दोन सेकंदांच्या आत फेरी पूर्ण व्हायला हवी. वरच्या टोकाला पाणी खाली पडतच असतं, पण बादलीही त्याच्याबरोबर तेवढ्याच किंवा जास्त झपाट्याने गोल वळत असते, म्हणून पाणी तिच्यातच राहतं. पाण्याला बाहेर फेकणारं कुठलंही बल तिथे नसतं. त्याला सरळ जायचं असतं, बादलीचा तळ त्याला आत वळवत राहतो. गोफण सोडताना दगड बाहेरच्या बाजूला न उडता, सुटला त्या क्षणी जिकडे चालला होता तिकडेच सरळ जातो, हे ज्वारी राखणाऱ्या कुणालाही नेमानिशी माहीत असतं. (खेळ अंगणात करा. मी पहिल्यांदा वर्गात केला होता, आणि त्या दिवशीचा हजेरीपट अजूनही फुगलेला आहे.)

आता गाडी जुंपू

दोन ड्रम पाणी भरलेली बैलगाडी. ४०० लिटर पाणी आणि गाडी मिळून ६०० किलो धरू. बैलजोडी ८०० किलो. चाकं, आख, जमीन मिळून गाडीला अडवणारं बल २८० न्यूटन. आकडे हिशेबाच्या सोयीचे आहेत, बैलाप्रमाणे आणि रस्त्याप्रमाणे ते बदलतील.

फळ्यावर मी गाडी काढली, बैल काढले, आणि मग दोघांच्या मध्ये हात फिरवून रेघ पुसली. "आता नुसती गाडी बघायची. बैलाचं काय होतंय ते विचारायचं नाही." गाडीवर आडव्या दिशेत दोनच बलं आहेत. बैल जुवातून पुढे ओढतात ४०० न्यूटनने, घर्षण मागे ओढतं २८० ने. उरले १२०. ६०० किलोला १२० न्यूटन, त्वरण ०.२. गाडी निघाली. गाडी बैलांना मागे ओढते ते बल या हिशेबात कुठेच येत नाही, कारण ते गाडीवर नाहीच. ते बैलांच्या खांद्यावर आहे.

"मग बैल कसे पुढे जातात?" तीच पोरगी. आता नुसते बैल बघा. गाडी त्यांना ४०० ने मागे ओढते. त्यांना पुढे कोण ढकलतं? वर्ग गप्प. कुणी म्हणालं ताकद, कुणी म्हणालं पाय. ताकद बैलाच्या आतली. स्वतःला कुणी स्वतः ढकलू शकत नाही, नाहीतर आपण आपल्याच शेंडीला धरून वर उचललो गेलो असतो. शेवटी एकाने हळूच म्हटलं, "जमीन?"

जमीनच. बैल खुरांनी जमिनीला मागे रेटतो. बैलाला रुतलेल्या गाडीपुढे जोर करताना बघितलंय ना, मान खाली, मागचे खुर मातीत रोवलेले, माती मागे उडालेली. तो जमिनीला मागे रेटतो आणि जमीन त्याला तेवढ्याच बलाने पुढे रेटते. ही तिसऱ्या नियमातली दुसरी जोडी. आपल्या हिशेबात जमिनीने बैलांना ५६० न्यूटन पुढे रेटलं. त्यातून गाडीचे ४०० गेले, उरले १६०. ८०० किलोला १६० न्यूटन, त्वरण पुन्हा ०.२. बैल आणि गाडी बरोबर निघतात, हिशेब जुळला. एकदा चाल पकडली की बैलांना फक्त घर्षणाचे २८० भरून काढायचे असतात. म्हणून गाडी निघताना बैल वाकतात आणि नंतर रमतगमत चालतात.

सगळी गंमत खुर आणि माती यांच्या मध्ये आहे. गाडीच्या आखाला आपण वंगण घालतो, तिथे घर्षण नको असतं. खुराखाली मात्र ते हवंच. पावसाळ्यात आमची काळी माती ओली झाली की बैलाची ताकद तीच, गाडी तीच, पण जमीन ५६० न्यूटन द्यायला तयार नसते. खुर निसटतो. वर चिखल चाकाला चिकटून अडवणारं बल दुप्पट करतो. मग माणसं चाकाखाली पऱ्हाट्या नाहीतर दगड टाकतात, आरे धरून जोर लावतात, आणि बैलाला उगाच चाबूक बसतो. दोष बहुतेक वेळा मातीचा असतो.

रॉकेटचंही हेच, फक्त त्याला जमीन नसते. ते पोटातला वायू खाली फेकतं आणि वायू त्याला वर रेटतो. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला तेव्हा तिथे पॅराशूटला धरायला हवा नव्हती. इंजिनांनी वायू खाली फेकत फेकतच त्याने आपला वेग कमी केला.

तास संपायला दोन मिनिटं होती आणि ती पोरगी अजून समाधानी नव्हती. "मॅडम, बैल जमिनीला मागं रेटायलाय म्हणजे पृथ्वी मागं सरकायली का?"

सरकते. मी खडू घेतला. पृथ्वीचं वस्तुमान किलोमध्ये लिहायचं तर ६ वर २४ शून्यं. ५६० ला त्याने भागलं की त्वरण येतं दशांशचिन्हानंतर २२ शून्यं आणि मग ९. शून्यं लिहिता लिहिता फळ्याची कड आली.

"मंग पोळ्याला सगळ्या गावचे बैल एकदमच मारुतीकडं पळवले तर?"

"तरी शून्यं एक-दोनच कमी होतील."

"आन् बैल थांबले की?"

"थांबताना ते जमिनीला पुढं रेटतात. पृथ्वी जिथली तिथं."

घंटा झाली. जाताना ती शेजारणीला सांगत होती की पोळ्याला बैल थांबवायचेच नाहीत.